जरा लक्ष असू द्या

नागपुरात सदरच्या पोस्टात भाचीसाठी पुस्तकांचं पार्सल करायला गेले होते. कापडात शिवून नेलं होतं, जुनी सवय. खिडकीमागच्या बाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विम्यानं पाठवायचं तर लाख लावावी लागेल म्हणाली. मग तिनंच मेणबत्ती पेटवली, लाखेची कांडी ज्योतीवर धरली. लाल थेंब शिवणीवर पडले आणि तो वास आला. थोडा गोड, थोडा जळका, नाकातून थेट पोटात उतरणारा.

तिनं विचारलं, आत काय आहे. पुस्तकं, मी म्हटलं. नुसती पुस्तकंच ना, तिनं पुन्हा विचारलं. दिवसातून कितीजणांना ती हे विचारत असेल. मी मात्र ताठ झाले. पुस्तकं कुठून घेतली, कोणी बांधली, बांधताना खोलीत कोण होतं, याची मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागले. तिनं शिक्का दाबला, पावती फाडून दिली, आणि मी बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. 

वासानं लोकांना माहेर आठवतं, शाळा आठवते. लाखेच्या वासानं मला ते दिवस आठवतात जेव्हा आम्ही सगळे एकमेकांवर नजर ठेवून होतो.

शंका घेण्याची खोड तशी माझ्या घरातली. वडील गिरणीत कामाला होते. छपन्न सालच्या दसऱ्याला आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मी फ्रॉकातली पोर होते. आदल्या दिवशी आईनं सगळ्यांचे कपडे नीळ घालून धुतले होते. त्या दिवसातलं मला काय आठवतं, तर कपड्यांचा ओलसर निळीचा वास, पायाखालची मऊ धूळ आणि वडिलांच्या खांद्यावरून दिसणारी पांढरीच पांढरी माणसं. घरी आल्यावर वडिलांनी भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी उतरवल्या. जिथं तसबिरी होत्या तिथं भिंतीचा रंग निराळा दिसत होता. बराच वेळ ते त्या चौकोनांकडे बघत बसले. मग आईला म्हणाले की आता कोणाले भ्यायचं नाही, पण पाहून घ्यायचं.

ते पाहून घ्यायचे. कोणी चांगलं वागलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. दुकानदारानं गुळाचा खडा जास्तीचा दिला, शेजाऱ्यानं आपणहून सायकल दिली, शाळेतल्या बाईंनी माझं नाव ट्रेनिंगसाठी सुचवलं, प्रत्येक वेळी ते एकच विचारायचे: "काहून देऊन राहिला?" का देतोय याचं उत्तर मिळालं नाही तरी त्यांचं अडत नसे. प्रश्न विचारून झालेला असला म्हणजे पुरे. बाईंनी सुचवलेलं ट्रेनिंग मी केलं, आणि त्यातून शिक्षिकेची माझी पहिली नोकरी लागली, कुहीला.

कुही म्हणजे तेव्हा धानाचे बांध आणि त्यांच्यामधून गेलेला रस्ता. नागपूरची बस धुळीनं माखून यायची, आणि पावसाळ्यात कधी यायचीही नाही. शाळा कौलारू होती. रोवणीच्या दिवसांत वर्ग अर्धे रिकामे असत, आणि जी मुलं येत त्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल असे. मी फळ्यावर लिहायची आणि मागे पोपडे खरवडल्याचा आवाज यायचा. दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू झाली की सगळ्या गावाला धानाच्या पेंढीचा वास लागायचा. उकडलेल्या तांदळाचा वाफाळ वास सकाळी गल्लीतून फिरायचा. मला ते गाव आवडत होतं. गावाला मी आवडते की नाही ते कळत नव्हतं. विहिरीवर मी गेले की बाया काही बोलत नसत. दोर बाजूला ठेवत आणि माझं पाणी भरून होईपर्यंत पदर सावरत उभ्या राहत.

आमचे हेडमास्तर ठवकर गुरुजी. उंच, वाकलेले, टोपीखाली केस पांढरे. ते माझ्याशी चांगले वागत, म्हणून मी त्यांच्यापासून जपून असायची. पहिल्याच वर्षी वार्षिक परीक्षेच्या आधी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. आजपासून ही तुमच्याकडे, म्हणाले. शाळेत जुने, गावातले, त्यांच्या ओळखीचे मास्तर होते. मी किल्लीला हात न लावता विचारलं, मलेच काहून.

गुरुजींनी चष्मा काढला. "तुम्ही इथं कोणाच्या नात्यात नाही, बाई. म्हणून."

मी किल्ली घेतली. ती रात्रंदिवस पोलक्यात खोचून असायची, आणि त्या वाक्याचा मी जितका विचार केला तितके त्याचे अर्थ निघत गेले. कोणाच्या नात्यात नाही म्हणजे कोणाला पेपर सांगणार नाही. कोणाच्या नात्यात नाही म्हणजे उद्या काही झालं तर माझ्यामागे उभं राहणारंही कोणी नाही. गुरुजींच्या मनात यातलं कोणतं होतं? त्या परीक्षेत मी जेवताना, अंघोळीला जाताना, वर्गात कविता शिकवतानाही पोलक्यावरून हात फिरवून किल्ली आहे का ते पाहायची. परीक्षा पार पडली. काही झालं नाही. पुढच्या वर्षी किल्ली पुन्हा माझ्याकडेच आली.

मग गुरुजी माझ्या मागे लागले की बाहेरून बी.ए. करा, मग एम.ए. करा. पुस्तकं ते नागपूरहून आणून देत. इथं कशाला कुजता, म्हणत. सुट्टीत घरी गेले तेव्हा वडिलांना हे सांगितलं. त्यांनी विडी विझवली आणि माझ्या अपेक्षेप्रमाणे विचारलं, काहून म्हणून राहिला तो? मी म्हटलं, माहीत नाही. कंदिलाच्या उजेडात वाचून मी दोन्ही परीक्षा दिल्या. काचेवर काजळी धरायची, डोळे चुरचुरायचे, पुस्तकाच्या पानांना रॉकेलचा वास यायचा. एम.ए.च्या निकालानंतर नागपूरच्या एका हायस्कुलात मला जागा मिळाली. मी कुही सोडली आणि माझ्या जागी गुरुजींचा पुतण्या लागला.

हे कळल्यावर वडील हसले. कोडं सुटल्यासारखे हसले. मलाही तेव्हा वाटलं की आपण बरोबर ओळखलं होतं. पण पदवी माझ्याजवळ होती, आणि ज्या दिवशी मी बसमध्ये चढले त्या दिवशी गुरुजी भर दुपारी थांब्यापर्यंत चालत आले होते. बस सुटेपर्यंत झाडाखाली उभे होते. आता वाटतं, त्यांना पुतण्याची सोय लावायची होती आणि मी शिकावं असंही वाटत होतं. माणसाच्या मनात दोन्ही राहू शकतं. तेव्हा मी हे मानलं नसतं.

हायस्कुलातली वर्षं पळाली. खडूची भुकटी, मुलींच्या रिबिनी, मधल्या सुट्टीत गेटावर संत्र्याच्या सालींचा वास. परीक्षेचं काम मात्र इथंही माझ्याच गळ्यात पडायचं. एकदा परीक्षेचं काम नीट करून दाखवलं की ते तुम्हाला सोडत नाही. केंद्रावर विद्यापीठाचे लोक येत, त्यांच्याशी ओळखी झाल्या, आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अधीक्षकाची जागा निघाली तेव्हा त्यांच्यापैकीच एकानं सुचवलं की अर्ज करा. मी केला. विद्यापीठाचं नाव इथं लिहीत नाही. नावं लिहायची नाहीत, ही सवय मला त्या विभागातच लागली.

ज्या दिवशी रुजू झाले त्या दिवशी हातात पुस्तक नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वर्गाकडे जाण्याची वेळ झाली की पाय आपोआप उठायचे, मग आठवायचं की आता वर्ग नाही. खोलीत उंच छत, लोखंडी कपाटं, हळू फिरणारा पंखा, आणि एका टेबलाला दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर सिंधू होती.

सिंधूही अधीक्षकच, माझ्या थोडी आधी लागलेली. पारशिवनीकडच्या शेतकरी घरातली. गोरी, ठसठशीत कुंकू, मोठ्यानं बोलायची आणि बोलताना हातातली पेन्सिल टेबलावर वाजवायची. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन खिडकीकडे तोंड करून बसले. शिक्षकांच्या खोल्यांमध्ये वर्षानुवर्षं मी अशीच बसत आले होते. सिंधूनं तिची खुर्ची ओढली, माझ्या समोर आणून ठेवली आणि माझ्या डब्यातली जवसाची चटणी बोटानं चाखली.

"तीळ नाही घालत काय वं तू?" ती म्हणाली. "तीळ घालून पाह्य एकदा."

मी तिच्या बोटाकडे पाहत राहिले. माझ्या डब्यात असा विचार न करता कोणी हात घातला नव्हता. की विचार करूनच घातला होता? मला दाखवायला? स्वतःला दाखवायला? तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, चटणी होती फक्त. मग रोजच आम्ही एका टेबलावर डबे उघडू लागलो. तिच्याकडची आंबाडीची भाजी, कण्यांचा भात, सुकवलेल्या वांग्यांची आमटी. थंडीत ती गावाहून हुरडा आणायची, कागदात बांधलेला, अजून कोमट. पुढे कितीतरी दिवस मी तिच्या जेवण्याकडे बघत असे, ती माझ्या डब्यातलं खरंच खाते की कडेला सारते. ती खायची. हळूहळू मी बघायचं सोडलं. सोडल्याचं मलाच उशिरा लक्षात आलं.

परीक्षा विभागाचं वर्ष म्हणजे उन्हाळ्याकडे चढत जाणारं वर्ष. माघ सरला की दारं बंद होऊ लागत. ज्यांच्या घरातलं कोणी परीक्षेला बसणार त्यांना दुसऱ्या विभागात पाठवत. मार्चपासून आम्ही लग्नाला, बारशाला जाणं टाळायचो, कारण तिथं कोणीतरी हटकून जवळ येऊन विचारायचं की यंदा पेपर कसा आहे. घरी कोणी संत्री आणून दिली तर परत पाठवायची. खिडक्यांना लावलेल्या खसाच्या ताट्यांवर शिपाई पाणी मारायचा आणि खोलीभर ओल्या गवताचा वास पसरायचा. त्या वासात मग लाखेचा वास मिसळायचा. प्रश्नपत्रिकांची पाकिटं, त्यांवर कापडी पिशव्या, पिशव्यांवर दोरी, दोरीच्या गाठीवर लाख, लाखेवर पितळी शिक्का. मी ज्योतीवर कांडी धरायची, सिंधू शिक्का दाबायची. बोटांच्या टोकांना फोड यायचे. काम संपलं की वापरलेले कार्बन अंगणात जाळत, आणि त्यांची काळी राख उडून आमच्या पांढऱ्या पातळांवर बसे.

आमच्यावरचे साहेब मृदू बोलणारे होते. कधी आवाज चढवत नसत. कोणालाही बोलावलं की आधी बसा म्हणत, पाणी मागवत. एका फाल्गुनात त्यांनी मला बोलावलं. बसा म्हणाले. पाणी आलं. मी प्यायले नाही.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे, म्हणून सांगतो," ते म्हणाले. "सिंधूबाईंकडे जरा लक्ष असू द्या. त्यांचा भाऊ कॉलेजात शिकवतो. शिकवण्याही घेतो म्हणतात. तसं काही नसेलही. पण लक्ष असू द्या."

मी हो म्हटलं. साहेबांनी सांगितल्यावर हो म्हणायचं असतं. बाहेर आले तेव्हा सिंधू पेन्सिल वाजवत बसली होती. काय म्हणत होते, तिनं विचारलं. काही नाही, केंद्रांचं विचारत होते, मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि पेन्सिल वाजवायची थांबली.

त्या दिवसापासून मला सिंधू निराळी दिसू लागली. तिची ती, पण प्रत्येक हालचालीच्या मागे आणखी काहीतरी. ती खिडकीशी का जाते? दुपारी भेटायला आलेला तो माणूस खरंच तिच्या गावचा होता? माझ्याकडे पाठ करून पिशवीत काय ठेवते? भावाचं नाव ती पूर्वी सारखं घ्यायची, आता घेत नाही, ते कशानं? आणि सर्वांत नवल म्हणजे तीही माझ्याकडे बघत असायची. मी मान वर केली की तिचे डोळे खाली जायचे. मला वाटलं, जिच्या मनात काही असतं ती अशीच बघते. आम्ही तेव्हाही एकत्रच जेवत होतो. चटणीत मी तीळ घालू लागले होते. पण घास घेताना आता पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

मे महिना आला. नागपूरचा मे ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळायचं नाही. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटायचं, लोखंडी कपाटाला हात लावला की चटका बसायचा. अशाच एका सकाळी पिशव्या ठेवायच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा एका पिशवीवरची लाख जागेवर नव्हती. गाठ सुटी होती. लाखेचा तुकडा खाली फरशीवर पडलेला, त्यावर अर्धा शिक्का. मी आणि सिंधू दोघी दारात उभ्या होतो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन मला अजून करता येत नाही. एवढं सांगते की दोघींपैकी एकीनंही "हे कसं झालं" असं म्हटलं नाही.

तो पेपर रद्द झाला, परीक्षा पुढे गेली. चौकशीला बाहेरचे गृहस्थ आले. एकेकीला वेगळं बोलावलं. आधी मी गेले. आत कूलरची घरघर होती आणि गृहस्थांच्या रुमालाला अत्तराचा वास. शिक्का कोण दाबतं, किल्ली कोणाकडे, सिंधूबाईंना भेटायला कोण येतं, त्यांच्या वागण्यात काही आढळलं का. मी म्हटलं, मी काही पाहिलं नाही. हे खरं होतं. मी इतके दिवस पाहत होते आणि काहीच पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझंही विचारलं, घरी कोण कोण, भाऊबंद कुठे, वस्तीतली किती मुलं परीक्षेला बसलीत. शेवटच्या प्रश्नापाशी मी थांबले. आमच्या वस्तीतली मुलं त्या वर्षी पहिल्यांदा एवढ्या संख्येनं बी.ए.ला बसली होती, आणि संध्याकाळी बाहेर खाटांवर बसून मोठ्यानं वाचत असायची. मी म्हटलं, बसलीत बरीच. चांगलं आहे ना. गृहस्थांनी ते लिहून घेतलं.

मी बाहेर पडले तेव्हा सिंधू आत जायला उभी होती. दार अरुंद होतं. आम्ही अंग चोरून एकमेकींच्या जवळून गेलो. तिच्या पातळाला ओल्या खसाचा वास येत होता. त्या दुपारी तिनं डबा उघडला नाही, मीही नाही.

चौकशीतून काही निघालं नाही. कोणी म्हणालं, त्या खोलीतल्या उकाड्यानं लाख मऊ पडली आणि पिशवी सरकवताना निघाली. कोणी म्हणालं, उकाडा काय त्याच वर्षी पडला? कागद फायलीत गेले. जुलैत सिंधूनं नोकरी सोडली. पारशिवनीला हायस्कुलात जागा आहे, घरही जवळ पडेल, असं तिनं इतरांना सांगितलं. मला सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा जेवायला गेले आणि परत आले तोवर टेबलाची तिची बाजू मोकळी झाली होती. मी शिक्षकी पेशा सोडून कचेरीत आले होते. ती कचेरी सोडून फळ्यासमोर गेली. दुसऱ्या वर्षी मला बढती मिळाली, सहायक कुलसचिव. विभागात कुजबुज झाली की हिला काहून मिळाली. माझ्याच घरातला प्रश्न मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला.

मला स्वतंत्र खोली मिळाली तेव्हा वडिलांना दाखवायला घेऊन गेले. ते थकले होते. कापडी टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. काचेचं टेबल, फिरती खुर्ची, खिडकीबाहेर कडुलिंब. बसा म्हटलं तर बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले:

"याच्यावर आधी कोण बसे? आन तो काहून उठला?"

मी हसले. ते हसले नाहीत. जाताना त्यांनी जिन्यात माझा हात धरला. उतरायला आधार म्हणून धरला असेल, असं मला तेव्हा वाटलं. खाली आल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, फाटकापर्यंत धरून ठेवला. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले.

पुढची वर्षं खोल्या बदलण्यात गेली. प्रत्येक खोलीचा पडदा अधिक जाड, चहाचा कप अधिक चांगला. मी आत गेले की बोलणं थांबायचं. कोणी साहेबांसारखं येऊन कोणाबद्दल कानात सांगू लागलं की मी त्याला म्हणायची, हे लिहून द्या आणि खाली सही करा. बहुतेकजण पुन्हा येत नसत. मी उपकुलसचिव झाले तोवर शिक्षिका असल्याचं माझ्या एकटीच्याच आठवणीत उरलं होतं.

आणि एका मार्चमध्ये परीक्षा केंद्रं पाहायला मी पारशिवनीला गेले. जीपमधून उतरले, शाळेच्या व्हरांड्यात आले, तर केंद्राच्या प्रमुख म्हणून समोर सिंधू. केस कानाजवळ पांढरे झालेले. कुंकू तेवढंच ठसठशीत. तिनं मला मॅडम म्हटलं. मी तिला बाई म्हटलं. तिनं गठ्ठे दाखवले, मी ते उचलून पाहिले, सगळं नीट होतं. पेपर सुरू झाला. वर्गांमधून पानं उलटल्याची सळसळ येऊ लागली, बाहेर पळस पेटल्यासारखा लाल. आम्ही तिच्या खोलीत समोरासमोर बसलो. तिनं टेबलावरचा पुरवण्यांचा गठ्ठा सारखा केला. मग म्हणाली, ते साहेब वारले म्हणे.

हो, मी म्हटलं. मागच्या वर्षी.

"त्यायनं मले बोलावलं होतं तेव्हा," सिंधू म्हणाली. "त्या फाल्गुनात. बसा म्हणे. पाणी मागवलं. तुह्यावर लक्ष ठेवा म्हणे. तिची वस्ती मोठी आहे, पोरं परीक्षेले बसून राहिले. त्यायचे लोक एकमेकांले धरून असतात, असं म्हणे."

मला आधी तो पाण्याचा पेला दिसला. तसाच, तळाशी निळी रेघ असलेला. मग बाकीचं कळत गेलं. खाली जाणारे तिचे डोळे, थांबलेली पेन्सिल. आम्ही एकमेकींसमोर बसून एकमेकींची राखण करत होतो, एकाच माणसाच्या सांगण्यावरून, आणि तो पलीकडच्या खोलीत मृदू आवाजात बोलत होता. आमच्या पलीकडे आणखी कोणाकोणाला कोणाकोणावर बसवलं होतं कोण जाणे. मला संताप यायला हवा होता. आला तोही, पण पुष्कळ नंतर, घरी, भाजी चिरताना.

तू काय म्हटलं त्याले, मी विचारलं.

हो म्हटलं, ती म्हणाली. आन तू?

मीही हो म्हटलं, मी म्हणाले.

तिनं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. "आता एक विचारते. ते तू होतीस काय वं?"

"नाही."

"खरं?"

"खरं."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी लोकांकडे जशी पाहते तशीच, पापणी न लववता. मग बरं म्हणाली. बाहेर घंटेचा टोल पडला, कोणीतरी पुरवणी मागितली, पर्यवेक्षकाची पावलं गेली.

"तू नाही विचारत मले?" ती म्हणाली.

इतकी वर्षं तो प्रश्न माझ्याजवळ होता. तो विचारायला आता फार तर एक श्वास लागला असता. पण मला दिसत होतं की ती काय म्हणेल, आणि ते ऐकल्यावर मी काय करीन. ती नाही म्हणेल. मी तो 'नाही' घरी नेईन, उजेडात धरीन, त्याची कड तपासीन, आणि मरेपर्यंत तपासत राहीन. मी म्हटलं, नाही विचारत.

"म्हणजे अजून शंका आहेच तुह्या मनात."

"आहे," मी म्हटलं. "तुह्या मनात नाही?"

सिंधूनं खिडकीबाहेर पाहिलं. "आहे," ती म्हणाली. "आताच तू नाही म्हटलं, तरी आहे."

खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती, हे मला त्या एका शब्दावरून पटलं. त्या मेमधलं नाही पटलं, पण हे पटलं. मी तिला म्हटलं की नागपूरले आली तं माझ्याकडे उतरत जा, हॉटेलात कायले पैसे घालतेस. ती म्हणाली, पाहू. पेपर संपला, गठ्ठे बांधले गेले, ती मला जीपपर्यंत सोडायला आली. वाटेत आम्ही पावसापाण्याचं बोललो.

ती पुढच्याच महिन्यात आली. मग येत राहिली. दोघींच्या नोकऱ्या संपल्या, माझे गुडघे गेले, तिला मोतीबिंदू झाला, पण उन्हाळ्यात मोतीबागेकडच्या माझ्या घरी ती येतेच. त्या पिशवीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. शंका गेली असं मी म्हणणार नाही. कधीकधी ती बोलता बोलता थांबते, किंवा मी थांबते, आणि दोघींना कळतं की कशापाशी आलो होतो. मग दोघींतली एक दुसरं काहीतरी काढते.

सकाळी मी उठते तेव्हा ती माझ्याआधी उठलेली असते. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतो. दिसत नसलं नीट, तरी चहाची भुकटी, साखर, गाळणी, आलं, कुठे काय आहे ते तिला कोणाला विचारावं लागत नाही. मी अंथरुणात पडून ऐकत राहते, आणि ती हाक मारेपर्यंत उठत नाही.